चुलीवरची भट्टी : अल्प खर्चात घरचा केक व नानकटाई

नाताळ जवळ आला म्हणजे खेड्यातील पुष्कळ घरांत एक प्रश्न हळूच डोके वर काढतो. करंज्या, शंकरपाळी व लाडू तर होतातच. पण मुले केक मागतात. तो तालुक्याच्या बेकरीतून आणावा, तर त्याची किंमत आणि जाण्यायेण्याचे भाडे मिळून मजुरीचा एक दिवस खर्ची पडतो. आणि न आणावा, तर भेटीस येणाऱ्या मंडळींपुढे बशी अपुरी दिसेल अशी मनास टोचणी लागते. ह्या एका बशीसाठी दुकानदाराच्या वहीत नाव लिहविणारी कुटुंबे आम्हांस ठाऊक आहेत. सण दोन दिवसांत सरतो. उधारी मात्र ज्वारीची रास घरी येईपर्यंत सरत नाही. ज्या उपदेशकाच्या दारी सणाच्या दिवशी सारा गाव येतो, त्याच्या घरी तर ही अडचण दुप्पट असते.

ह्या अडचणीच्या मुळाशी बरीचशी एक समजूत आहे. ती अशी की, केकला विजेची भट्टी पाहिजे, मैदा व लोणी पाहिजे, अंडी पाहिजेत, आणि शिकलेला हात पाहिजे. तिच्यात तथ्य किती आहे ते पाहू.

प्रथम भट्टीविषयी. भाजणे म्हणजे पदार्थास चहूंकडून कोरडी उष्णता देणे, याहून अधिक काही नाही. ही विद्या आपल्या देशास नवी नव्हे. विदर्भातील रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात. कोकणात मोठी काकडी किसून तिच्यात तांदळाचा रवा, गूळ व ओले खोबरे घालून धोंडस करतात. त्याचे पातेले मंद विस्तवावर ठेवून झाकणावर निखारे पसरण्याची तेथे जुनी चाल आहे. गोव्यातील बिबिंक तर थरावर थर देऊन भाजतात, आणि त्याच्या प्रत्येक थरास वरून धग द्यावी लागते. ज्या आजीने धोंडस केले तिने केकच भाजला. नाव तेवढे निराळे.

घरची भट्टी अशी करावी. जाड बुडाचे एक मोठे जुने पातेले घ्यावे. त्यात दोन बोटे जाडीचा, धुऊन खडखडीत वाळविलेल्या वाळूचा थर द्यावा. वाळू नसल्यास जाडे मीठ चालेल, आणि तेच मीठ ह्या कामास पुन्हापुन्हा वापरता येते. थरावर लोखंडी कडे किंवा पालथी वाटी ठेवावी, म्हणजे केकचे भांडे वाळूस टेकणार नाही. झाकण घट्ट बसणारे असावे. हे रिकामे पातेले मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्यावे, आणि मगच मिश्रणाचे भांडे आत ठेवावे. थंड पातेल्यात ठेवलेला केक फुगण्याआधीच सुस्त होऊन बसतो. चूल असेल तर केक आत ठेवल्यावर झाकणावर थोडे निखारे पसरावे, म्हणजे माथ्यास रंग येतो. आता पुष्कळ घरी गॅसची शेगडी आहे; तिच्यावर माथा फिकट राहील, पण आत कच्चे राहणार नाही. कित्येक भगिनी कुकर वापरतात. त्यांनी झाकणाची शिटी व रबरी कडे दोन्ही काढून ठेवलीच पाहिजेत, आणि आत पाणी घालू नये. तरी रोजच्या डाळीचा कुकर कोरडा तापवून खराब करण्यापेक्षा जुने पातेले बरे, असे आमचे मत आहे. निखाऱ्यांचे काम उघड्या जागी करावे. दारे लावलेल्या खोलीत धुमसत्या कोळशातून जो विषारी वायू निघतो, त्यास रंग नाही व वासही नाही. त्याने झोपेतच माणसे दगावतात.

आता सोड्याविषयी, कारण बहुतेक केक बिघडतात ते येथेच. खाण्याच्या सोड्यास आंबट वस्तूचा स्पर्श झाला की त्यातून कर्बवायू निघतो. त्याचे असंख्य बारीक बुडबुडे पिठात अडकतात, उष्णतेने फुगतात, आणि सभोवतीचे पीठ शिजून घट्ट झाले म्हणजे त्यांची घरे कायम राहतात. केकला जाळी पडते ती ही. ह्यातून दोन गोष्टी निघतात. एक, सोड्यास दही किंवा ताक ह्यांची जोड पाहिजे. नसल्यास उष्णतेने त्याचा धुण्याचा सोडा बनतो आणि पदार्थास साबणासारखी चव येते. केक फुगला नाही म्हणून पुढच्या खेपेस सोडा वाढविणारी गृहिणी रोगावर उलटे औषध देते. तेथे बहुधा दही कमी पडलेले असते किंवा भट्टी थंड असते. दुसरी, वायू लागलाच निघू लागतो, म्हणून सोडा अगदी शेवटी घालावा आणि मग शेजारणीशी बोलत उभे राहू नये.

बेकिंग पावडर म्हणून जी भुकटी मिळते, तिच्यात हाच सोडा, एक कोरडे आम्ल व थोडे पीठ एकत्र केलेले असते. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्रेता होता. त्याच्या पत्नीस अंडी व खमीर दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्याने १८३७ साली अंड्यावाचून कस्टर्डची भुकटी तयार केली, आणि १८४३ साली ही फुगविण्याची भुकटी. बाजारातील ह्या दोन डब्यांचा उगम एका घरच्या जेवणाच्या अडचणीत आहे, हे वाचून आमच्या भगिनींस नवल वाटणार नाही. अंडे नसेल तर केक होत नाही, ह्या समजुतीचे उत्तरही ह्यातच आले.

केकचे प्रमाण हे. एकच वाटी सर्वांस मापावी. बारीक रवा दोन वाट्या, ताजे दही एक वाटी, दूध एक वाटी, साखर एक वाटी, तूप किंवा वास न येणारे तेल अर्धी वाटी, चिमूटभर मीठ, व वेलदोड्याची पूड. प्रथम दही, साखर व तूप घोटून एकजीव करावे. त्यात रवा व दूध घालून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा ओलावा पिऊन फुगतो. ही वेळ चोरू नये, नाहीतर केक दाताखाली करकरतो. मिश्रण फारच घट्ट झाले तर दुधाचा हात द्यावा. ते भज्यांच्या पिठाइतके सैल असावे. इकडे भट्टी तापत ठेवावी, भांड्यास तूप लावून वर कोरडे पीठ भुरभुरावे, आणि मग सपाट अर्धा चहाचा चमचा सोडा मिश्रणात हलक्या हाताने मिसळून लागलीच भांड्यात ओतावे. भांडे अर्धेच भरावे. मंद आचेवर पाऊण तास लागतो. पहिला अर्धा तास झाकण उघडू नये. मुले कितीही विनवोत. नंतर स्वच्छ बारीक काडी मध्यभागी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली म्हणजे झाले. पूर्ण निवल्यावर कापावा. ऊन केक कापला की त्याचा लगदा होतो.

साखरेऐवजी गूळ घालावयाचा असेल, तर चिरलेला एक वाटी गूळ पाऊण वाटी कोमट पाण्यात विरघळवून, गाळून, थंड करून घ्यावा व दूध वगळावे. तापल्या दुधात गूळ टाकला तर दूध फाटते. गुळाचा रंग सुरेख येतो, आणि आमच्या जिभेस तरी त्याची चव साखरेहून खोल लागते. फार पिकलेली, काळी पडलेली केळी कुसकरून घातल्यास गोडी कमी लागते. दोन केळ्यांमागे पाव वाटी साखर कमी करावी आणि दूधही हात राखून घालावे.

नानकटाईस तूप पुष्कळ लागते, म्हणून ती सणाचीच वस्तू समजावी. कणीक दोन वाट्या, बेसन अर्धी वाटी, रवा पाव वाटी, थिजलेले तूप एक वाटी, पिठीसाखर एक वाटी, व चिमूटभर सोडा. तूप पातळ करू नये. ते साखरेबरोबर पांढरे व हलके होईपर्यंत हाताने फेसावे. तिच्या खुसखुशीतपणाचे सारे रहस्य ह्या फेसण्यात आहे. पाणी मुळीच घालू नये. गोळे चपटे करून थाळीत अंतर ठेवून मांडावे व वरील भट्टीत वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. आत असताना त्या मऊच लागतात, म्हणून अधिक भाजू नयेत. निवताना कडक होतात. तुपाऐवजी वनस्पती तूप वापरण्याचा मोह होतो. त्यातील हृदयास घातक असणाऱ्या चरबीचे प्रमाण शेकडा दोनांहून अधिक नसावे असा सरकारी नियम २०२२ पासून लागू आहे. तरी सुटे, नावगाव नसलेले वनस्पती घेऊ नये. पुष्कळ गावांतील बेकरीवाले आपला रवा, तूप व साखर घेऊन, मजुरी आकारून नानकटाई भाजून देतात. चार घरांनी सामान एकत्र नेले तर ही सोय स्वस्त पडते.

नाचणीचे पीठही ह्यात चालते, आणि वाढत्या मुलांस तिच्यातील चुना हितकर आहे. मात्र गव्हात जो चिकटा असतो तो नाचणीत नाही; नुसत्या नाचणीची नानकटाई हातात घेताच भुगा होते. निम्मी कणीक घातल्यास ती टिकते.

निवलेली नानकटाई कोरड्या डब्यात घट्ट झाकून पंधरा दिवस राहते. रव्याच्या केकात दही व दूध आहे, म्हणून तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवावा. उरलाच तर त्याच्या फोडी तव्यावर थोड्या तुपात परताव्या. कित्येक मुलांस त्या मूळ केकाहून अधिक आवडतात.