आरमाराची शिदोरी

आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. मांजरा नदी आपल्याच पाटोदा तालुक्यात उगम पावते, पुढे गोदावरीला मिळते आणि तिच्याबरोबर पार पूर्वेच्या समुद्राला जाते. आपण मात्र इथेच राहतो. मग आरमाराची गोष्ट आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. आरमार म्हणजे लढाऊ जहाजांचा ताफा.

पण ऊसतोडीला टोळी निघते, तेव्हा काय काय लागते ते तुम्हांला ठाऊक आहे. मुकादम जाणता हवा. उचल वेळेवर हवी. पीठ, मीठ-मिरची बरोबर हवी. एवढ्यातले एक चुकले की कारखान्यावर बायापोरांचे हाल होतात. आरमाराचेही असेच असते.

1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. तिथल्या खाडीत जहाजे बांधायला सुरुवात झाली. स्वराज्य नवे होते, समुद्रावरचे वैरी जुने होते. गोव्याला आणि वसईला पोर्तुगीज, मुरूडजवळच्या जंजिरा किल्ल्यात सिद्दी. महाराजांनी कामावर पोर्तुगीज कारागीर ठेवले होते. वसईच्या अंमलदाराने त्यांना फितवले आणि ते काम टाकून निघून गेले. काम मात्र थांबले नाही.

आता जहाजांवर अधिकारी कोण नेमायचा? घोड्यावरचा सरदार कितीही शूर असला, तरी त्याला भरती-ओहोटी कुठली कळणार! म्हणून समुद्र जाणणारी माणसे निवडली. मायनाक भंडारी, दर्यासारंग आणि दौलतखान हे त्यांतले मोठे अधिकारी. एक भंडारी, दुसरे दोघे मुसलमान. पाणी ओळखतो का आणि इमानाने लढतो का, एवढेच पाहिले.

अधिकारी मिळाले, पण नुसत्या अधिकाऱ्याने जहाज चालत नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीला आवरण्यासाठी महाराजांनी त्याच्या समोरच, समुद्रातल्या कासा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. त्याला आरमाराची मदत हवी होती. दौलतखान आणि दर्यासारंग यांना पैसा आणि धान्य द्यावे, अशा वराता प्रभावळीच्या सुभ्यावर काढल्या. वरात म्हणजे रक्कम देण्याचा लेखी हुकूम. हा सुभा दक्षिण कोकणात होता. तिथला सुभेदार जिवाजी विनायक. त्याने काहीच पोचवले नाही. हुकूम कागदावर राहिला आणि आरमार खोळंबले.

जानेवारी 1675 मध्ये महाराजांनी त्याला पत्र लिहिले. ते पत्र आजही वाचायला मिळते. तुम्ही ऐवज दिला नाही, आता पद्मदुर्गाला मदत कशी पोचायची, असे त्यांनी खडसावून विचारले. सिद्दीने तुम्हांला काही चारले असेल, म्हणून ही बुद्धी झाली, असेही सुनावले. ब्राह्मण म्हणून गय होणार नाही, हेही स्पष्ट लिहिले. एका कचेरीतली दिरंगाई, पण तिने समुद्रातला किल्ला धोक्यात येत होता. राग येणारच!

पुढे 1716 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. राज्य कसे चालवावे, ते त्यात सांगितले आहे. आरमाराचा खर्च बंदराच्या मिळकतीवर टाकू नये, तो मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, असे ते म्हणतात. कारण उघड आहे. खलाशांचे पोट बंदरावर अवलंबून राहिले, तर ते व्यापाऱ्याला छळतील. व्यापारी पळाला की बंदर ओस पडते. म्हणजे आरमाराची भाकर येणार कुठून? ज्याने समुद्र कधी पाहिला नाही, त्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून.

लाकडाचेही तसेच. जहाजाला साग चांगला. आंबा, फणसही कामाचे. पण ही झाडे रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये, असे आज्ञापत्रात बजावले आहे. झाड अगदी जुने झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन मगच तोडावे.

जंजिरा मराठ्यांना कधी जिंकता आला नाही. पद्मदुर्ग मात्र उभा राहिला. मुरूडच्या किनाऱ्यावरून तो आजही दिसतो.