प्रवासी वाहन आणि कायदा : परिसर अभ्यासाचा एक पाठ



एका केंद्रशाळेच्या भेटीस जात असता, बाजारच्या दिवशी, माझ्यापुढे एक वडाप जीप चालली होती. मागच्या फळीवर चार मुले दप्तरांसह उभी होती. हातांनी टपाची दांडी धरलेली. शाळेत पोहोचलो तो तीच मुले वर्गात बसलेली. तास वाहतुकीच्या चिन्हांचा होता व मुलांनी सर्व चिन्हे अचूक ओळखली. पाठ चांगला झाला. पण मला तो अपुरा वाटला. ज्या वाहनातून मूल रोज येते, त्याविषयी त्यास काहीच ठाऊक नव्हते.

पाठाचा आरंभ नंबराच्या पाटीपासून करावा. खाजगी गाडीची पाटी पांढरी व भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीची पिवळी. दोहोंवर अक्षरे काळी. विजेवरील गाड्यांची पाटी हिरवी असून खाजगीवर पांढरी, तर भाड्याच्या गाडीवर पिवळी अक्षरे असतात. मुलांनी नाक्यावर अर्धा तास उभे राहून नोंद करावी. पांढऱ्या पाटीच्या गाडीत लोक भाडे देऊन का बसतात, हा प्रश्न मग तीच विचारतील.

पुढे कागदपत्रांकडे वळावे. येथे आपलाही गोंधळ होतो. अनुज्ञप्ती ही माणसाची असते, परवाना वाहनाचा. प्रवासी वाहन चालविणाऱ्याचे वय निदान 20 वर्षे हवे, असे 1988 चा मोटार वाहन अधिनियम सांगतो. वाहकालाही अनुज्ञप्ती लागते. तिसरा कागद योग्यता प्रमाणपत्राचा. लोक त्यास ‘पासिंग’ म्हणतात. वाहन आठ वर्षांचे होईतो ते दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करून घ्यावे लागते. फळीवर वा टपावर प्रवास करण्यास याच अधिनियमाच्या कलम 123 ने मनाई आहे.

हे कागद कशासाठी, हे मुलांस सांगताना विम्याचा मुद्दा टाळू नये. खाजगी म्हणून विमा उतरविलेल्या गाडीत भाड्याचे प्रवासी असता अपघात झाला, तर विमा कंपनीस जबाबदारी नाकारण्यास वाव मिळतो. मग भरपाई मागावयाची ती ज्याच्याजवळ जीपखेरीज काही नाही अशा मालकाकडून. घरचा कर्ता गेलेल्या कुटुंबास याचा अर्थ काय होतो, हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

गणितासही येथे जागा आहे. 2019 च्या दुरुस्तीनुसार मर्यादेपेक्षा अधिक असलेल्या प्रत्येक प्रवाशामागे 200 रुपये दंड आहे. नऊ प्रवाशांच्या गाडीत सोळा बसले, तर दंड 1,400 रुपये. परंतु त्याच कलमाचे पुढील वाक्य मला अधिक मोलाचे वाटते : जादा प्रवासी उतरवून त्यांच्या प्रवासाची दुसरी सोय होईपर्यंत ते वाहन पुढे जाऊ द्यावयाचे नाही. म्हणजे प्रवाशांना रस्त्यावर सोडून तपासणी पुरी होत नाही. भरारी पथक आले की चार दिवस जीपा बंद राहतात, त्या दिवसांत हजेरीपट किती रिकामा दिसतो हे आपण जाणताच. कायदा राबवावयाचा तर एसटीची फेरी वेळेवर हवी.

एक सूचना. जीपचालकाचे मूल आपल्याच वर्गात असू शकते. पाठ देताना त्याची मान खाली जाईल असे एकही वाक्य नको. शिक्षकाने पोलिसाचे काम करावयाचे नाही, आणि स्वतः फळीवर उभे राहूनही शाळेत यावयाचे नाही.

वर उल्लेखिलेल्या शाळेत मुलांनी आठवडाभर नोंदी केल्या. सकाळची एसटी शाळा भरल्यानंतर वीस मिनिटांनी पोहोचते, असे त्यांतून निघाले. शाळा व्यवस्थापन समितीने तो तक्ता अर्जास जोडून आगारात दिला. दुसऱ्या अर्जानंतर फेरीची वेळ बदलली. बाजारच्या दिवशी मात्र एसटी भरून येते, आणि त्या दिवशी मुले अद्याप जीपनेच येतात. तिसरा अर्ज गेला आहे.