जिभेला जड जाणारी नावे

आळंदी आपल्या खेड तालुक्यात असल्यामुळे म्हणा किंवा वारीच्या संस्कारामुळे म्हणा, या भागात ज्ञानेश्वर हे नाव गावोगाव आढळते. महाविद्यालयाच्या हजेरीपटावर दरवर्षी दोन-तीन ज्ञानेश्वर, एखादा ज्ञानदेव आणि एक-दोन प्रज्ञा असतातच. वर्गात ही नावे पुकारताना कोणी अडखळत नाही. पण हाच ज्ञानेश्वर पदवी घेऊन चाकणच्या एखाद्या कारखान्यात रुजू झाला की त्याचे नाव एकाएकी अवघड ठरते. उत्तरेकडचा सहकारी त्याला ग्यानेश्वर म्हणतो, तेलुगू भाषक ग्नानेश्वर म्हणतो. आणि रोमन अक्षरे पाहून वाचणारा परदेशी अधिकारी तर 'डी-एन-वाय' या पहिल्या तीन अक्षरांपाशीच थबकतो. नाव एकच असून राजगुरुनगरला सोपे आणि पंधरा-वीस किलोमीटरवर अवघड, हे कसे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम 'ज्ञ' या अक्षराकडे वळू. लिहिताना ते ज् आणि ञ यांचे जोडाक्षर होय. मराठीत आपण त्याचा उच्चार 'द्न्य' करतो, हिंदीत तो 'ग्य' होतो, गुजरातीत 'ग्न'. मूळ संस्कृत उच्चार रोजच्या बोलण्यात यांपैकी कोणीच राखलेला नाही. तेव्हा शुद्ध उच्चार तेवढा आमचा, असा अभिमान बाळगण्यास मराठी माणसाला जागा नाही. मात्र ज्याचे नाव त्याचा उच्चार, हा व्यवहार आपण पूर्वी पाळलेला आहे. १९८२ ते १९८७ या काळात राष्ट्रपती असलेल्या झैलसिंगांना आपण 'ग्यानी'च म्हणत होतो. त्यांचा 'द्न्यानी' करण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. तोच न्याय आपल्या ज्ञानेश्वराला मिळावा, एवढीच अपेक्षा आहे.

खरे पाहता हे जोडाक्षर आपल्या पूर्वजांनाही जडच गेले होते. प्राकृत बोलणाऱ्या जिभेने त्याला सरळ फाटा दिला. विज्ञप्तीची विनंती झाली, आज्ञेची आण झाली, राज्ञीची राणी झाली आणि यज्ञोपवीताचे जानवे झाले. कृष्णाचा कण्ह होऊन पुढे कान्हा झाला, तो याच वाटेने. पुढे संस्कृत शब्द पुन्हा नव्याने भाषेत आले तेव्हा खेड्यातील जिभेने दुसरी युक्ती केली. जोडाक्षर गाळण्याऐवजी तिने ते फोडून मध्ये एक स्वर बसवला. व्याकरणात याला स्वरभक्ती म्हणतात. लक्ष्मीची लक्षुमी आणि कृष्णाचा किसन हे तिचे नमुने. प्रह्लादाचा प्रल्हाद करताना ह आणि ल यांनी जागा बदलल्या. हा वर्णविपर्यय आता इतका रुळला आहे की मराठीत तेच प्रमाण लेखन ठरले. धुरपदा, रखमा, ग्यानबा ही रूपे अडाणीपणाची निशाणी आहेत असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्यामागे नियम आहेत आणि पुष्कळदा प्रेमही आहे. आपल्याकडे तर ज्ञानेश्वर नावाच्या माणसाला सरसकट 'माउली' म्हणून हाक मारतात आणि 'ज्ञ'चा प्रश्नच मिटवून टाकतात.

परंतु प्रत्येक मोडतोड प्रेमाची नसते, हेही विसरता येत नाही. लक्ष्मणाचा लक्ष्या आणि ज्ञानेश्वराचा ज्ञान्या सोबती करतो तेव्हा त्यात जिव्हाळा असतो. तोच 'या' वाड्याच्या ओसरीवरून येई तेव्हा ऐकणाऱ्याला आपली पायरी कळत असे. गावगाड्यात काही माणसांना उभ्या जन्मात पूर्ण नावाने हाक मिळाली नाही, आणि याचे कारण नावाचा अवघडपणा हे नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्ध घरांत प्रज्ञा, संघमित्रा, सिद्धार्थ, मिलिंद अशी नावे मोठ्या प्रमाणावर ठेवली जाऊ लागली, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. पालीत प्रज्ञेचे सोपे रूप 'पञ्ञा' असे तयार होते. पण मुलींची नावे ठेवताना जोडाक्षरांसह 'प्रज्ञा'च निवडले गेले. समोरच्याने नीट जीभ वळवूनच उच्चारावे असे ते नाव आहे.

'ज्ञ'इतकाच आपला 'ळ' बाहेरच्यांना छळतो. प्रमाण हिंदीत हा वर्ण नसल्याने काळूरामाचा कालूराम होतो आणि बाळूचा बालू; हिंदीत बालू म्हणजे वाळू, हे आपल्या बाळूला ठाऊक नसते म्हणून बरे! राजस्थानी आणि हरियाणवी बोलणाऱ्यांना मात्र हा उच्चार घरचाच असतो. 'च'ची अडचण आणखी वेगळी. चिंतामणीतला तालव्य च आणि चांगदेवातला दंततालव्य च आपण लिहितो एकाच अक्षराने, पण बोलतो वेगवेगळे. लिपीच काही सांगत नाही, तेव्हा परक्याने चांगदेवाचा च चिंतामणीसारखा उच्चारला तर त्याचा दोष कसा मानावा? खुद्द चाकणच्या नावाची रोज हीच गत होते. हृषीकेशाच्या बाबतीत मात्र दोष आपल्याच पदरी येतो. हृषीक म्हणजे इंद्रिये, त्यांचा ईश तो हृषीकेश. सुरुवातीचा 'हृ' जड जातो म्हणून आपण 'ऋषिकेश' लिहू लागलो, आणि इंद्रियांच्या स्वामीचे ऋषीचे केस झाले.

हे सर्व केवळ बोलण्यापुरते असते तर हसून सोडता आले असते. पण आता नाव कागदावर आणि यंत्रात शिरले आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून आधार क्रमांकांच्या वाटपास प्रारंभ झाला. त्यानंतर शाळेचा दाखला, आधार, पॅन, बँक आणि भविष्य निर्वाह निधी या सर्व ठिकाणी रोमन अक्षरे तंतोतंत जुळणे आवश्यक होऊन बसले. एका कागदावर 'डी-एन-वाय', दुसऱ्यावर 'जी-वाय', तिसऱ्यावर मधला 'वाय' गळालेला, असे झाले की यंत्राच्या लेखी ती तीन माणसे. नोंद करणाऱ्याने ऐकू आले तसे लिहिले आणि वडिलांनी इंग्रजी येत नसल्यामुळे ते तपासले नाही, अशी कितीतरी उदाहरणे विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांत दिसतात. पुढे निधीची रक्कम काढण्याची वेळ आली म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि प्रसंगी शासन राजपत्रात नावाची जाहिरात, असे हेलपाटे सुरू होतात. माझे स्पष्ट मत असे की दहावीच्या प्रमाणपत्रावरील रोमन लेखन एकदा नीट ठरवावे आणि पुढे कोणाच्याही सोयीसाठी ते बदलू नये. २०१३ साली न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत म्हणून गेलेले ज्ञानेश्वर मुळे यांच्या नावात 'ज्ञ' आहे आणि आडनावात 'ळ'. रोमन लिपीत ते नाव 'डी-एन-वाय' याच अक्षरांनी सुरू होते, आणि त्यावाचून त्यांचे काही अडले नाही.

अर्थात आपण इतरांच्या नावांचे काय करतो, तेही पाहावे. तमिळ नेत्या कनिमोळी यांच्या नावातील विशिष्ट वर्ण इंग्रजीत 'झेड-एच'ने दाखवतात. तो आपल्या 'ळ'च्या जवळचा आहे. तरी 'ळ' हाताशी असलेले आपण इंग्रजी पाहून कनिमोझी म्हणतो. चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून जर्मन नावेही आपल्या कानांवर येऊ लागली आहेत. जर्मन भाषेत 'जे' या अक्षराचा उच्चार 'य' होतो. म्हणून जर्गन असे वाचले जाणारे नाव वस्तुतः युर्गेन असते. त्यातील 'यु' साधावयाचा तर जीभ 'ई'ला ठेवून ओठ 'ऊ'सारखे गोल करावे लागतात. दोन-चार वेळा आरशासमोर केले की जमते.

आपले नाव दुसऱ्याला शिकवणेही तितकेच सुकर आहे. 'ळ'साठी, 'ट' म्हणताना जीभ जेथे टेकते तेथेच ती ठेवून 'ल' म्हणावयास सांगावे. 'ज्ञ'साठी हिंदी भाषक मित्राला प्रथम 'बदनाम' म्हणू द्यावे. शब्द वाईट आहे, पण कामाचा आहे, कारण त्यात द् आणि न शेजारी येतात. मग त्यातील 'ना'च्या जागी 'न्याय'मधला 'न्या' घालून 'बद्‌न्याम' म्हणवून घ्यावे. यानंतर 'प्रज्ञा' किंवा 'विज्ञान' असा आधी स्वर असलेला शब्द घ्यावा आणि तो साधला म्हणजेच 'ज्ञानेश्वर'कडे वळावे. आरंभीच जोडाक्षर आले की जीभ बिचकते.