ब्रूनोचं काय करायचं?

आधी सासूबाईंच्या हाताचं सांग गं, ब्रूनो चावला तिथलं. जखम वाहत्या नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतलीत ना? पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. त्यावर कुणी हळद, चुना किंवा तिखट भरलं असेल तर आत्ताच्या आत्ता धुऊन काढ. आणि ‘ब्रूनोची लस दरवर्षी होते’ म्हणून त्यांची इंजेक्शनं टाळायची नाहीत. डॉक्टर तारखा लिहून देतील, तो कागद फ्रिजवर चिकटव. जखमेत रेबीजचं एक वेगळं इंजेक्शनही कधीकधी भरावं लागतं, ते लागेल का हे आपणहून विचार. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत लस फुकट मिळते, तेव्हा खर्चाचं कारण नकोच.

हे सगळं झालं असेल तर बस इथे, चहा घे. चार वर्षांचा, धडधाकट, पोळीच्या वासानं उड्या मारणारा कुत्रा, त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं का, असं विचारलंस तू काल. विचारताना आवाज असा, की जणू खुनाची कबुली देतेयस. बघ, ज्यांना काहीच वाटत नाही ती माणसं विचारायला येत नाहीत. ती गाडीचं दार उघडतात, कुत्र्याला उतरवतात आणि निघून जातात. तू चार रात्री जागीच आहेस हे तुझ्या डोळ्यांवरून दिसतंय.

पहिली गोष्ट ही की, दहा दिवस ब्रूनोला काहीही करायचं नाही. सासूबाई रागावल्या तरी नाही. कुत्रं रेबीजचं असेल आणि चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल, तर ते दहा दिवसांच्या आत आजारी दिसायला लागतं आणि मरतं. ब्रूनो दहा दिवस खातापिता, चालताफिरता राहिला तर त्या चाव्यातून रेबीजचा धोका नव्हता हे नक्की कळतं. त्याला आजच झोपवलंस, तर हे कळायचा साधा मार्ग तू स्वतःच्या हातानं बंद केलास. मग मेंदूची तपासणी करावी लागते, आणि ती धावपळ तुला नको आहे. सासूबाईंची इंजेक्शनं मात्र या दहा दिवसांसाठी थांबवायची नाहीत, ती चालूच ठेवायची. शिवाय भीतीच्या भरात घेतलेला निर्णय पुढे फार दिवस छळतो गं. दहा दिवसांत तुझंही डोकं थोडं थाऱ्यावर येईल.

आता घरच्यांच्या सल्ल्यांचं. नवरा म्हणतो मुरबाडला त्याच्या मित्राचं फार्महाऊस आहे, तिकडे देऊ, मोकळा हिंडेल. ऐकायला किती छान! पण तिथे राहतं कोण? मित्र महिन्यातून एकदा जाणार. बाकीचे दिवस तिथे राखणदार, त्याची बायको आणि त्यांची लहान मुलं. म्हणजे तुझ्या बाळाला, आपल्या चिमीला जो धोका आहे तो उचलून आपण त्यांच्या मुलांच्या अंगणात नेऊन ठेवायचा, आणि वर ‘ब्रूनोला मोकळं रान मिळालं’ म्हणायचं. मला नाही पटत. बहुतेक वेळा मोकळं रानही नसतं, आंब्याला साखळी असते.

आणि खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले येऊरच्या पायथ्याशी सोडून या, त्यांना माझ्याकडून सांग की पाळीव जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदा राहू दे बाजूला. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या काठावर आहे आणि तिथले बिबटे कुत्री खातात, हे ठाण्यात पोरासोरांना माहीत आहे. जन्मभर सोफ्यावर झोपलेला ब्रूनो तिथे किती रात्री काढेल? सोडून देण्यापेक्षा डॉक्टरांच्या टेबलावरचं इंजेक्शन शंभरपट दयेचं, हे मी स्पष्ट बोलते, कुणाला आवडो न आवडो.

पण त्या टेबलाआधी बरंच करायचं बाकी आहे. तू त्याला धडधाकट म्हणतेस, पण तो खरंच धडधाकट आहे का हे कुणी बघितलंय? पळतो, खातो, शेपूट हलवतो, एवढ्यावर ठरत नाही. कान आतून सुजलेला असतो, दाढ किडलेली असते, कंबरेचा सांधा दुखत असतो, आणि कुत्रं ते सांगत नाही. कुणी त्या जागी हात लावला की दात लावतं. थायरॉईड कमी झालं तरी स्वभाव फिरू शकतो. आमच्या मोत्याला मी कितीतरी दिवस ‘आगाऊ झालाय’ म्हणून ओरडत होते, आणि निघालं काय, तर कानात गवताचं कुसळ. डॉक्टरांनी ते चिमट्यात धरून दाखवलं तेव्हा मला टेबलाखाली लपावंसं वाटलं. तर कान, दात, पाठ, सांधे, रक्त, लागला तर एक्स-रे, सगळं करून घे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सोय नसेल तर परळला जा. बैलघोडा हॉस्पिटल माहीत असेलच, त्याच आवारात १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पहाटे निघ, रांग असते.

चावा कसा होता, हेही शांतपणे बघायला हवं. इयन डनबार म्हणून एक पशुवैद्य आहेत, कुत्र्यांच्या वागणुकीतले जाणकार. त्यांनी चाव्यांच्या सहा पायऱ्या लावल्यात. पहिलीत कुत्रं नुसतं अंगावर येतं, दात लागत नाही. दुसरीत दात लागतो पण रुतत नाही. तिसरीत एकाच चाव्यात एक ते चार भोकं पडतात, पण सुळ्याच्या निम्म्या लांबीहून उथळ. चौथीत सुळा निम्म्याहून खोल जातो, कुत्रं धरून ठेवतं, झटके देतं. पाचवी म्हणजे असे अनेक चावे. सहावीबद्दल बोलायलाच नको. तू पाठवलेल्या फोटोत मला दोन उथळ भोकं दिसली, म्हणजे तिसरी पायरी. हात धरून ठेवला नाही, लगेच सोडला, हे सासूबाईंनीच सांगितलं ना? याचा अर्थ ब्रूनोनं जोर आवरला. चौथ्या पायरीवर गेलेल्या कुत्र्याबद्दल मी इतक्या निवांतपणे बोलले नसते.

आणि चावला कधी? सासूबाई सोफ्याखालून त्याचं हाडूक ओढत होत्या तेव्हा. कारण कळतंय, वेळ कळतेय, म्हणजे टाळता येतंय. ज्या कुत्र्याचा चावा कशामुळे आला हेच कुणाला सांगता येत नाही, ते खरं अवघड प्रकरण. तो आधी गुरगुरला होता का, हेही विचार त्यांना. माझी शंका अशी की गेले वर्षभर तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला गुरगुरल्याबद्दल ओरडलात. शिट्टी काढून घेतली म्हणून कुकरमधली वाफ कमी होत नाही गं. गुरगुरणं म्हणजे ‘लांब हो’ एवढंच. ते बंद केलं की कुत्रं सरळ दातावर येतं. इथून पुढे तो गुरगुरला की ओरडायचं नाही, मारायचं तर नाहीच, तिथून बाजूला व्हायचं आणि कुठे, कधी, कुणावर ते वहीत लिहायचं.

आता चिमी. मला खरी काळजी तिचीच आहे, आणि तुलाही, फक्त तू ती बोलत नाहीस. ती रांगायला लागलीय, सोफ्याखालचं हाडूक तिलाही दिसणार. म्हणून आजपासून घरात नियम असा, की चिमी आणि ब्रूनो एका खोलीत एकटे नाहीत. ‘मी स्वयंपाकघरातच होते’ हे चालणार नाही, बाळाच्या आणि कुत्र्याच्या मध्ये मोठं माणूस किंवा दार हवं. दाराला लावायची बाळांची फाटकं मिळतात, दोन आण. त्याचं जेवण बंद खोलीत, आणि हाडूक बंद. तोंडाला जाळी लाव, पण पिंजऱ्यासारखी, जिच्यातून त्याला धापा टाकता येतील, पाणी पिता येईल. कापडी पट्टी तोंड करकचून बांधते, ती जास्त वेळ घालायची नसते. आणि मापानं घे. मी मोत्यासाठी अंदाजानं आणली होती, त्यानं ती दोन मिनिटांत काढून माझ्या चपलेशेजारी नीट ठेवली. जाळीची सवयही हळूहळू लावायची, आत खाऊ ठेवून.

डॉक्टर वागणुकीसाठी गोळ्या सुचवतील कदाचित. घाबरू नकोस, त्या गुंगीच्या नसतात. पण त्यांचा परिणाम दिसायला महिना-दीड महिना जातो, आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू नकोस. प्रशिक्षक शोधशील तेव्हा पट्ट्यानं झटके देणारा, विजेचा पट्टा घालणारा असला तर त्याला दारातूनच परत पाठव. भीतीनं चावणाऱ्या कुत्र्याला आणखी घाबरवून काय साधणार? आणि नसबंदी केली की सगळं सुधारेल असं कुणी छातीठोक सांगितलं तर मान डोलाव आणि फार भरवसा ठेवू नकोस. ती इतर कारणांसाठी चांगली आहे.

लहान मुलं नसलेलं, कुत्री समजणारं एखादं घर मिळालं तर जरूर दे. पण चाव्याचा फोटो दाखवून, सगळं लेखी देऊन. ‘थोडा मूडी आहे’ म्हणून देणं म्हणजे फसवणूक. आश्रयगृहांना फोन कर, पण त्यांच्या जागा भरलेल्या असतात आणि चावणारा कुत्रा तिथेही वर्षानुवर्षं एकट्या पिंजऱ्यात राहतो, हे धरून चल.

हे सगळं केलं, आणि तरी जमलं नाही, तर? तर माझं उत्तर हो असं आहे. चावा पुढच्या वेळी खोल गेला, किंवा तो काही कारण नसताना, न गुरगुरता चिमीवर गेला, किंवा त्याला सांभाळण्याचा एकच मार्ग म्हणजे उरलेली आठ-दहा वर्षं बाल्कनीत बंद, तोंडाला जाळी, कुणाचा हात अंगावर नाही, असा उरला, तर त्याला शांतपणे जाऊ देणं हा तुझा गुन्हा नाही. शरीर ठणठणीत आहे म्हणून जगणं ठीक चाललंय असं नसतं. तो दिवसभर भीतीत असेल आणि तुम्ही दिवसभर त्याच्या भीतीत, तर त्यात कुणाचं भलं आहे? तेव्हा मी तुझ्या बाजूनं उभी राहीन, आणि तुझ्या घरच्यांशीही मीच बोलेन.

पण बदली झाली, घरमालक कुरकुरतो, आजोबा गेले आणि त्यांचा कुत्रा नको झालाय, असल्या कारणांसाठी कुणी मला विचारलं तर मी चहासुद्धा देणार नाही. डॉक्टरही अशा वेळी नकार देतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. उद्या तुझे डॉक्टर ‘अजून नाही’ म्हणाले तर चिडू नकोस, त्यांना काय बाकी दिसतंय ते विचार. आणि सोसायटीनं कुत्रा काढा म्हणून चिठ्ठी पाठवली असेल तर ती माझ्याकडे आण. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालायचा अधिकार सोसायटीला नाही, भारतीय प्राणी कल्याण मंडळानं हे लेखी सांगून ठेवलंय.

ते इंजेक्शन कसं असतं हेही सांगून टाकते, कारण तू ते रात्री मनात रंगवत बसणार. आधी गुंगीचं औषध देतात, तो पेंगतो. मग पुढच्या पायाला सलाईनसारखी सुई लावून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. शुद्ध काही क्षणांतच जाते, हृदय काही मिनिटांत थांबतं. डोळे उघडे राहतात, नंतर एखादा मोठा श्वास किंवा पायाला झटका येतो, लघवी होते. तेव्हा त्याला काही कळत नसतं, पण बघणाऱ्याला माहीत नसलं तर धक्का बसतो, म्हणून सांगितलं. जुनी चादर न्यायची. आत थांबायचं की बाहेर, हे तू ठरवायचंस, दोन्हीत काही चूक नाही. दहनाची सोय पालिकेकडे आहे का ते आधीच विचारून ठेवावं, त्या दिवशी फोनाफोनी होत नाही.

पण ते आज नाही. ब्रूनोपुढे मला अजून बराच रस्ता दिसतोय. निदान दोन-तीन महिने दे त्याला, फाटकं लावून, औषधं देऊन, आणि वही मात्र रोज लिही. उद्या डॉक्टरांची वेळ घेताना नुसतं ‘चावतो’ म्हणू नकोस, ‘वागणुकीबद्दल बोलायचंय, जास्त वेळ हवा’ असं सांग. वही, सासूबाईंच्या जखमेचा फोटो आणि ब्रूनोचं लसीचं पुस्तक बरोबर ने. नवऱ्यालाही ने, कुत्रा दोघांचा आहे, सगळं ऐकून घेणं तुझ्या एकटीच्या वाट्याला नको. चिमीला माझ्याकडे सोड, मी दिवसभर घरीच आहे. तिचा वरणभात मी करते, तू फक्त दुपट्यांची पिशवी आण.