घड्याळ कोणाचे, वेळ कोणाची?



आजचे वाचन: ईशावास्य उपनिषद, मंत्र पहिला.

मंत्राचा भाव सोप्या शब्दांत असा: या बदलत्या जगात जे काही आहे, ते सगळे ईश्वराने व्यापलेले आहे. म्हणून आधी ‘माझे’ सोड आणि मग भोग घे. दुसऱ्याच्या धनाची हाव धरू नकोस. सगळी शास्त्रे नष्ट होऊन एवढा एक मंत्र लोकांच्या स्मरणात राहिला तरी हिंदू धर्म जगेल, असे गांधीजी १९३७ साली त्रावणकोरच्या दौऱ्यात म्हणाले होते. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेतही हा मंत्र आहे.

आता प्रश्नाकडे येऊ. मूळचा हिंगणघाटचा आणि आता पुण्यात नोकरी करणारा एक मित्र मला विचारत होता, “दादा, हाताने रंगवलेल्या तबकडीचं एक स्विस घड्याळ मनात भरलंय. काही लाखांचं आहे. पैसे माझ्या कष्टाचे आहेत. मग घेतलं तर पाप आहे का?”

आधी त्या घड्याळाला न्याय देऊया. अशी तबकडी म्हणजे मीनाकामच. आपल्याकडे जयपूरच्या दागिन्यांवर असते, तीच जात. काचेची रंगीत बारीक पूड ओली करून धातूच्या पत्र्यावर चढवायची आणि साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजायची. मग पुढचा रंग, पुन्हा भट्टी. शेवटच्या भाजणीत तडा गेला तर सगळी मेहनत वाया! पण नीट जमले, की रंग शेकडो वर्षे फिका पडत नाही. कोणीतरी आपल्या आयुष्यातले कितीतरी तास त्या इवल्याशा तबकडीला दिलेले असतात. ही एक साधनाच आहे. तिला नावे ठेवायचे कारण नाही.

आता दुसरे घड्याळ बघा. १९३६ ते १९४६ या काळात सेवाग्राम हे गांधीजींचे घर होते. माती-बांबूची कुटी, मोजक्या वस्तू आणि कमरेला लटकवलेले घड्याळ. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या माणसाने घड्याळ का ठेवावे? कारण लोकांना दिलेली वेळ त्यांना स्वतःची वाटत नसे. गरज नसताना एखादी वस्तू घेणे हीसुद्धा चोरीच, असे ते अस्तेय व्रताबद्दल लिहितात. मग दुसऱ्याची वेळ घेणे वेगळे कसे?

३० जानेवारी १९४८. दिल्लीत सरदार पटेलांशी बोलणे लांबले. आभा गांधींनी घड्याळ पुढे धरून वेळ दाखवली. प्रार्थनेला सुमारे दहा मिनिटे उशीर झाला होता. थांबलेल्या लोकांसाठी त्या दहा मिनिटांचीही त्यांना खंत वाटली. पुढे काय घडले, ते आपण जाणतोच.

मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे खिशातले घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी यांचा लिलाव झाला. बोली गेली १८ लाख डॉलरवर! ती किंमत काही घड्याळातल्या धातूची नव्हती. ते घड्याळ पाहून एक माणूस ज्या पद्धतीने जगला, त्याची होती.

म्हणून मित्राला मी म्हटले, “पाप-बिप राहू दे. मला एवढंच सांग, आईचा फोन किती मिनिटांत आटपतोस?” तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “मीटिंगमध्ये असतो ना दादा... नंतर करतो म्हणतो.”

मंत्राची खरी धार इथे आहे. पैसा कष्टाचा आहे, ठीक. पण वेळ तर आपण कमावलेलीच नाही, ती मिळालेली आहे. कारागिराने तबकडीला आपले तास दिले. ती मनगटावर बांधणारा कोणाला काय देतो? देणे सुटले, तर लाखाचे घड्याळ आणि शंभराचे घड्याळ सारखेच गरीब. आणि देणे असेल, तर सुंदर वस्तू वापरतानाही ‘माझे’ सुटू शकते. सोपे नाही, पण शक्य आहे.

आजचा अभ्यास: घड्याळात किंवा मोबाइलवर वेळ बघाल, तेव्हा एकदा मनात विचारा, ‘ही घटका कोणाची?’ आणि आज एका माणसाला तुमची पंधरा मिनिटे द्या. घाई न करता, स्क्रीनकडे न बघता.

हे प्रभो, वेळ तुझी आहे. ती तुझ्याच माणसांना देण्याची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी!