आधी ब्रेक, मग इंजिन

चि. बाळ यास,


काल तुझ्या आईचा फोन आला होता. गॅलरीत पेट्रोलचा वास येतो, शेजारचे कुरकुर करतात आणि पोरगा रात्री बारा वाजेपर्यंत सायकल उलटी करून बसलेला असतो, म्हणाली. नंतर तुझ्याशी बोललो, तर तू प्रत्येक वाक्याला "हो मामा" म्हणून सुटलास. म्हणून लिहायला बसलो. कागद खिशात राहतो, पुन्हा काढून वाचता येतो.

सायकलला इंजिन बसवायचा हा उद्योग सोड असं मी सांगणार नाही, हे आधी ऐक. दारूखान्याच्या भंगारबाजारातून गवत कापायच्या यंत्राचं मेलेलं इंजिन वजनावर उचललंस, कार्बोरेटर उघडलास, कडक झालेला पडदा बदललास आणि आठ दिवसांत ते सुरू केलंस, हे ऐकून मला फार बरं वाटलं. चाळीस वर्षं हातात पाना धरलेल्या माणसाला आपल्या भाच्याच्या नखांत काळं तेल दिसावं, याहून जास्त काय हवं?

आणि तू करतोयस ते कमी दर्जाचं काम नाही. १९४६ साली जपानमधल्या हमामात्सु शहरात सोइचिरो होंडा हेच करत होते. लष्कराच्या वायरलेस यंत्रांना वीज पुरवणारी छोटी इंजिनं युद्ध संपल्यावर पडून होती. त्यांनी ती मिळवून सायकलींना बसवली. पहिल्या प्रयोगात पेट्रोलची टाकी म्हणून काय वापरलं असेल? अंथरुणात ऊब राहावी म्हणून ठेवतात ती गरम पाण्याची बाटली. ती इंजिनं पुरेनाशी झाली तेव्हा त्यांनी स्वतःचं बनवलं, १९४७ साली. दुसऱ्याचं इंजिन शंभरदा उघडून बसवल्याशिवाय स्वतःचं सुचत नाही, असं मला वाटतं. आपल्याकडे १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकची लूना आली. ५० सीसीची, पण पायडलसकट. तूही तुझ्या सायकलची पायडलं, चेन आणि फ्रीव्हील यांना हात लावू नकोस. इंजिन रुसलं तर पाय मारत घरी येता आलं पाहिजे.

आता मुद्द्याचं. परवा तू मला इंजिनाचे चार फोटो पाठवलेस. ब्रेकचा एकही नाही. तेवढ्यावरूनच मला कळलं की मी विशीत केलेली चूक तू करणार आहेस.

ती गोष्ट तुझ्या आईलाही पुरती माहीत नाही. मी एका जुन्या पंपाचं इंजिन मागच्या कॅरिअरवर बसवलं होतं. सायकल काळी, जाड फ्रेमची, दांड्याच्या ब्रेकची. म्हणजे रबराची गुटकी लोखंडी रिमवर खालून दाबली जातात, तसली. पायडलच्या वेगाला ती पुरतात. पावसाळ्याचे दिवस होते, नुकती सर येऊन गेली होती. रेल्वेच्या पुलाच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही. ओली रिम, ओलं रबर, आणि मागून इंजिन ढकलतंय. ते बंद करायचं बटण कुठे? कॅरिअरवर, माझ्या पाठीमागे. पुढे कापसाच्या गाठी घेऊन एक हातगाडी चालली होती. माझं डावं मनगट मोडलं, ते जुळलं. पण त्या हातगाडीवाल्याच्या पायाला लागलं आणि तो तीन आठवडे घरी बसला. त्याचा रोज मी माझ्या पगारातून भरला, दर शनिवारी त्याच्या खोलीवर जाऊन. त्याची बायको दार उघडायची, पैसे घ्यायची आणि एक शब्द बोलायची नाही. ते दार मला अजून आठवतं.

आता गणित बघ, तुझं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे. इंजिनाच्या दांड्यावर तीन सेंटिमीटर व्यासाचा रोलर बसवून तो टायरवर टेकवायचा, असा तुझा बेत आहे. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर रोलरचा काठ, म्हणजेच टायर, ताशी ३४ किलोमीटरने धावेल. पायडलवर तू साधारण १७ ने जातोस. वेग दुप्पट झाला, पण थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. त्यात इंजिनाचं आणि रोलरचं वजन धर. म्हणून पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना चांगले कॅलिपर ब्रेक, नव्या केबल, अॅल्युमिनियमची रिम. हा खर्च इंजिनापेक्षा जास्त होईल. होऊ दे, कमी पडलं तर माझ्याकडून घे. बंद करायचं बटण हँडलवर, उजव्या अंगठ्याखाली. आणि रोलर टायरवरून उचलणारा एक लिव्हर बसव, तारेने ओढता येईल असा. फ्रान्समध्ये वेलोसोलेक्स नावाची सायकल निघाली, तिचं इंजिन पुढच्या चाकावर रोलरनेच चालायचं आणि लिव्हर ओढला की चाकापासून सुटायचं. फार शहाणी रचना आहे. ओल्या टायरवर रोलर घसरतो, त्यामुळे पावसात ती कामाची नाही. पण पावसात तू सायकल काढणारच नाहीस.

काही जण चेन लावतात आणि दातेरी चक्र मागच्या चाकाच्या तारांनाच बोल्टने आवळतात. ते करू नकोस, तारा तुटतात. रोलर लेथवर कातून घे, घासून गोल करत बसू नकोस. आणि बसवण्याआधी दोरी ओढून इंजिन कुठल्या बाजूला फिरतं ते खडूने लिहून ठेव. रोलर आणि टायर एकमेकांच्या उलट फिरतात. इंजिनाचं तोंड चुकीच्या बाजूला आलं तर सायकल मागे जायला बघेल, आणि सगळा वेल्डिंगचा खर्च पाण्यात. तेलाचं मिश्रण यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तेच. पंचवीसास एक असेल तर लिटरला ४० मिली. नुसतं पेट्रोल घातलंस तर पिस्टन जाम झालाच म्हणून समज.

पेट्रोल घरात ठेवायचं नाही. चाळीचे जिने लाकडाचे आहेत. खोलीत इंजिन सुरू करायचं नाही, त्याच्या धुराने झोपेत माणसं जातात. घोडपदेवला मी ज्या गॅरेजात होतो तिथे सांगून ठेवलं आहे, संध्याकाळी सहानंतर एक कोपरा तुझा.

आता तुला न आवडणारी गोष्ट. तुझ्या इंजिनावरच्या पट्टीवर ४३ सीसी लिहिलंय. चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर मोटार वाहन कायदा त्याला मोटार वाहन धरत नाही. तुझं धरतो. म्हणजे नोंदणी, विमा, लायसन, सगळं आलं. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतचं लायसन मिळतं हे तू मला ऐकवलंस, ते खरं आहे. पण लायसन माणसाला मिळतं, घरी जोडलेल्या सायकलीला नंबर मिळत नाही. तू अजून सतराचा आहेस. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पालक म्हणजे तुझी आई.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार तुला माहीत असतील. भंगारातून जीप बनवली, तिला दुचाकीसारखी किक बसवली. २०२१ साली आनंद महिंद्रांनी त्यांचं मनापासून कौतुक केलं आणि त्याच वेळी लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो दिली. कारागिरीला मान मिळाला, रस्ता नाही मिळाला. दोन्ही गोष्टी लक्षात ठेव.

मग चालवायची कुठे? कॉटन ग्रीनच्या गोदामांमधला रस्ता रविवारी ओस असतो म्हणशील. ओस असला तरी तो सार्वजनिकच, आणि ट्रकखाली झोपलेली माणसं तुला दिसत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत इकडे गावी ये. तोवर भाताची कापणी होते, खालच्या मळ्यातली जमीन वाळून टणक होते आणि बांधापर्यंत सरळ दोनशे पावलं मिळतात. मळा आपला, कुणाची ये-जा नाही. सायकल आणि इंजिन वेगवेगळं सोडवून पार्सलने पाठव, टाकी आणि नळी पार कोरडी करून, कारण रेल्वेत पेट्रोलचा थेंबही चालत नाही. हेल्मेट विसरू नकोस. पहिला दिवस इंजिन लावायचंच नाही. तू जोरात पायडल मारत यायचंस, मी खडूच्या रेषेशी उभा राहीन, हात वर केला की थांबायचंस. चाक किती पावलांत थांबतं ते मी मोजतो. मग इंजिन चढवू.

ब्रेकचे फोटो रविवारपर्यंत पाठव. केबलच्या टोकाचा जवळून एक हवा.

तुझा,
मामा