घरचा अभ्यास आणि गाणे

संगीत म्हणजे पेटी, तबला आणि क्लासची फी, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज आहे. म्हणूनच 'आधी अभ्यास, मग गाणे' असे आपण मुलांना बजावतो. परंतु गाणे हेच अभ्यासाचे उत्तम साधन आहे आणि ते आपल्या घरात पूर्वीपासून आहे, एवढेच या लेखात आम्हाला मांडायचे आहे.

बँकेच्या खिडकीवर अंगठा उठवणाऱ्या माउल्यांशी मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला, की 'आम्हाले काय येते शिकवाले?' हेच उत्तर आम्ही ऐकतो. पहूरसारख्या गावात प्रत्येकाला शिकवणी परवडत नाही. अशा वेळी घरानेच हात टेकले, तर मुलाचा अभ्यास शाळेतच राहतो.

या माउल्यांनी बहिणाबाई चौधरी आठवाव्यात. १८८० साली आपल्याच जळगाव जिल्ह्यात असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या ओव्या रचत. मुलगा सोपानदेव व इतर आप्तांनी त्या टिपून ठेवल्या आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, त्यांचे पुस्तक झाले. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनाही लहानपणी शाळा लाभली नाही. मोठेपणी ते दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे शिकले आणि त्यांनी बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून खेडोपाडी नेला. ज्या घरांत वर्तमानपत्र येत नव्हते, तेथे जलशांनी शाळेचे काम केले.

आणखी मागे पाहू. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात भिक्खूंची जी परिषद भरली, तिला 'संगीती' म्हणतात. संगीती म्हणजे एकत्र म्हणणे. लंकेत ग्रंथबद्ध होईपर्यंत धम्मवचने काही शतके सामूहिक पठणानेच टिकली. एकाचे चुकले की दुसऱ्याच्या कानाला लगेच कळते, हे या पद्धतीचे बळ आहे.

रोज पंधरा मिनिटांत घरी पुढील गोष्टी करता येतील :

१) गणित : पाढे टाळीच्या ठेक्यावर म्हणावेत. केरव्याच्या आठ मात्रा बोटांवर मोजाव्यात. आठाचे निम्मे चार, पाव म्हणजे दोन. अपूर्णांक असा हाताला कळतो.

२) भाषा : ओवीचे पहिले तीन चरण यमकाचे, चौथा आखूड. आईने किंवा आजीने चाल धरावी, मुलाने त्या दिवशीच्या धड्यावर शब्द बसवावेत आणि वहीत लिहून वाचून दाखवावेत. आई शिकवते आणि तिच्याही कानावर धडा पडतो.

३) विज्ञान : सारख्या आकाराच्या काचेच्या पेल्यांत कमी-जास्त पाणी घालून चमच्याने हलके वाजवावे. पाणी वाढले की स्वर खाली उतरतो. का, ते मुलालाच विचारावे.

४) इतिहास : आपल्या वाघूर नदीच्याच काठी अजिंठा आहे. तेथील पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकी आणि वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. मुलांना कोणती वाद्ये ओळखता येतात, ते पाहावे.

मात्र नुसती घोकंपट्टी नको. 'सात चोक किती?' असे मधूनच विचारावे. पाठांतर झाले, पण अर्थ कळला नाही, तर उपयोग नाही. तसेच सक्तीही नको. सोण नावाच्या भिक्खूला भगवंतांनी वीणेचाच दाखला दिला होता : तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. मूल कंटाळले की त्या दिवसापुरते थांबावे.

जाते घरातून गेले, त्याबरोबर ओव्याही चालल्या. जयंतीच्या मिरवणुकीत कर्णकर्कश आवाज आहे, पण गाण्याचे शब्द मुलांना पाठ नाहीत. ही गाणी जाणणाऱ्या आज्या आहेत तोवरच त्या मुलांच्या वहीत उतरवून घ्याव्या लागतील. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, तेव्हा 'आता आमचे वय झाले' ही सबब चालणार नाही. प्रत्येक घराने दिवसाची पंधरा मिनिटे द्यावीत, हीच आमची विनंती.